मृगाचे रंग : प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६

६ डिसेंबर २०२५, शनिवार. धायरी

दत्तजयंती परवाच झाली, चंद्र अजून भरलेला आहे. आकाशाचं काम आज नाहीच. म्हणून गेल्या हिवाळ्यात काढलेला मृग नक्षत्राचा फोटो उघडून बसले. तेव्हा तो मला फार आवडला होता. आज बघितला तर काक्षी हा मृगातला तांबडा तारा जवळजवळ पांढरा, राजन्य हा निळसर तारा जांभळट आणि मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) गुलाबाच्या सरबतासारखा. ते रंग मी स्लायडर ओढून ओढून आणले होते, डोळ्याला गोड वाटेपर्यंत.

बाबांना दाखवला. त्यांची तीस वर्षं भोसरीत गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये शेड जुळवण्यात गेली. त्यांनी एकच विचारलं, "मास्टर पॅनेल कुठाय?" म्हणजे ज्याच्याशी रंग ताडून बघायचा तो मूळ नमुना. तो माझ्याकडे नव्हता. या मोसमात तेच काम करायचं ठरवलं: मृगाच्या फोटोला मास्टर पॅनेल मिळवून द्यायचं, आणि प्रत्येक रंग त्याच्याशी ताडूनच ठेवायचा.

रात्री उशिरा आणखी एक गोष्ट सापडली. लॅपटॉपचा नाइट लाइट सूर्यास्तानंतर आपोआप चालू होतो आणि स्क्रीनवरचा निळा कमी करतो. मी फोटोवर काम करते ते नेहमी जेवणं उरकल्यावर. म्हणजे गेल्या वर्षीचं सगळं काम पिवळट स्क्रीनवर झालं, आणि पिवळेपणा घालवायला मी फोटोत निळा वाढवत गेले. राजन्य जांभळट का, ते कळलं. नाइट लाइट कायमचा बंद केला.

१४ डिसेंबर, रविवार

फ्लॅट, म्हणजे लेन्सच्या मध्यात आणि कोपऱ्यात पडणारा फरक काढायला घेतात ते एकसारख्या उजेडाचे फोटो, घेऊन बघितले, दोन तऱ्हांनी: एकदा लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लेन्ससमोर धरून, एकदा लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखून. फ्लॅटला एकंदर निळसर झाक असली तरी बिघडत नाही, ती पुढे प्रत्येक रंगाला द्यायच्या गुणकात सामावते. बिघडतं ते मध्याचा आणि कोपऱ्याचा रंग वेगळा आला तर. स्क्रीनच्या फ्लॅटमध्ये कोपरे तांबूस दिसले. टी-शर्ट आणि पहाट पक्कं.

२० डिसेंबर, शनिवार. वेल्ह्याजवळ

अमावास्या. तोरण्याच्या पायथ्याला मैत्रिणीच्या मामांचं शेत आहे, भात निघालेलं. उडवीच्या आडोशाला ट्रायपॉड लावला, वारा अडतो. ध्रुवतारा इथून जेमतेम १८ अंश वर, त्यात उत्तरेला डोंगर. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, ध्रुवाशी जुळवायला पाऊण तास गेला.

कॅमेरा साधा डीएसएलआर, आत काही बदल केलेला नाही. ५० मिमी लेन्स एफ ४ वर, आयएसओ ८००, प्रत्येक फोटो ६० सेकंदांचा. या लेन्सने काक्षीपासून राजन्यापर्यंत अख्खा मृग एका चौकटीत मावतो. रॉ फाइलच, म्हणजे सेन्सरचे मूळ आकडेच, ठेवायच्या. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स रॉवर काही करत नाही, तो फक्त मागच्या छोट्या स्क्रीनपुरता.

९:१० ला सुरुवात. तेव्हा मृग पूर्वेला ३७ अंशांवर होता, खालच्या बाजूला पुण्याच्या दिव्यांचा उजेड. सव्वाबाराला मध्यान्हावर, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच जागी, आला, ६६ अंशांच्या वर. २ वाजता थांबले. २४० फोटो झाले. नंतर झाकण लावून ३० डार्क, सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायला. लेन्सवर दव धरू नये म्हणून हीटरची पट्टी गुंडाळली होती, ती दीड वाजता पॉवर बँक संपल्यामुळे बंद पडली. शेवटच्या फोटोंत ताऱ्यांभोवती धूसर वलय असणार, ते काढून टाकावे लागतील. साडेसहाला फ्लॅट.

मामी पहाटे चहा घेऊन आल्या. कॅमेरा आकाशाकडे रोखलेला बघून विचारलं, मृग तर जूनमध्ये असतो ना, पावसाचा. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, म्हणून नक्षत्र दिवसा वर असतं आणि दिसत नाही, असं सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं.

२१ डिसेंबर, रविवार

सिरिल या आकाशाच्या फोटोंसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये डार्क, फ्लॅट, बायस (झाकण लावून घेतलेले क्षणभराचे फोटो) लावून स्टॅक केला, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एक केला. फोटो हिरवागार. दर वर्षी हेच होतं, आणि दर वर्षी कोणीतरी सांगतं की सेन्सरवर लाल आणि निळ्याच्या दुप्पट हिरवे पिक्सेल असतात म्हणून. ते कारण खरं नाही. रंग वेगळे करताना हिरव्या पिक्सेलची सरासरीच घेतली जाते, संख्या दुप्पट असल्यामुळे हिरवा दुप्पट होत नाही. खरं कारण असं की सेन्सर आणि त्यावरचे रंगीत फिल्टर मिळून हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात. म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलचा तराजू मुळातच एकीकडे झुकलेला आहे. प्रत्येक चॅनलला एक एक गुणक देऊन तो सरळ करायचा, एवढंच कलर कॅलिब्रेशन. प्रश्न आहे तो गुणक ठरवायचा कशावरून, याचा.

आणि हे स्ट्रेच करण्याआधी, म्हणजे फोटोतला अंधार उजळण्याआधी, करायचं. स्टॅक लिनियर असतो तोवर पिक्सेलमधला आकडा पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात असतो. एकदा अंधार उजळला की ते प्रमाण मोडतं, मग गुणकाला अर्थ उरत नाही. गेल्या वर्षी मी उलट्या क्रमानं केलं होतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

प्लेट सॉल्व्ह झाला: सॉफ्टवेअरनं तारे ओळखून कुठला पिक्सेल आकाशात कुठे ते ठरवलं. मग कॅलिब्रेशन चालवलं. आलेख बघून समाधान झालं नाही. आडव्या अक्षावर ताऱ्याचा कॅटलॉगवरून अपेक्षित रंग, उभ्यावर माझ्या फोटोत मोजलेला. ठिपके एका रेषेभोवती बसायला हवेत. इथे दोन पुंजके, एक वर, एक खाली.

कारण शोधायला पूर्ण संध्याकाळ गेली. पहिल्या सव्वा तासातले फोटो वेगळे आणि नंतरचे वेगळे स्टॅक केले तेव्हा उलगडलं. सुरुवातीच्या फोटोंत खालच्या भागात पुण्याची झळाळी, म्हणजे पार्श्वभूमीच एका बाजूला पिवळट. शिवाय ३७ अंशांवरचा तारा डोक्यावरच्या हवेच्या सुमारे १.७ पट हवेतून दिसतो, ६६ अंशांवरचा १.१ पट हवेतून. हवा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरते. म्हणजे तेच तारे नऊ वाजता तांबूस आणि बारा वाजता खऱ्या रंगाचे, आणि मी दोन्ही एकत्र कालवले होते.

१०:३० च्या आधीचे सगळे फोटो काढून टाकले; साडेदहाला मृग ५५ अंशांवर आला होता. दव धरलेलेही टाकले. १६२ उरले. पार्श्वभूमीचा उतार आधी काढला, मग कॅलिब्रेशन. पुंजके नाहीसे झाले, रेषा दिसली. पसारा अजून आहे, पण तो मला समजतो: या लेन्सवर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा १८ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तुकडा येतो, त्यामुळे जवळजवळचे दोन तारे एकच ठिपका होतात आणि त्यांचे रंग मिसळतात.

सव्वा तासाचं आकाश संगणकासमोर बसून टाकून देणं जिवावर येतं. तरी ते टाकल्यावर स्टॅक सुधारला.

२७ डिसेंबर, शनिवार

आज बाबांना नीट समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही नीट कळलं.

सिरिलमध्ये दोन पद्धती आहेत. जुनी फोटोमेट्रिक: कॅटलॉगमध्ये प्रत्येक ताऱ्याचा निर्देशांक असतो, बी वजा व्ही, म्हणजे निळ्या फिल्टरमधली प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) आणि हिरवट-पिवळ्या फिल्टरमधली प्रत यांतला फरक. राजन्याचा तो सुमारे −०.०३, सूर्याचा ०.६५, काक्षीचा १.८५. या एका आकड्यावरून ताऱ्याचा रंग धरायचा. नवी पद्धत स्पेक्ट्रोफोटोमेट्रिक, एसपीसीसी. तिच्यात एका आकड्याऐवजी ताऱ्याचा पूर्ण वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो त्याचा आलेख, घेतात.

"मग फरक काय पडतो?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगायचात ना, ट्यूबखाली जुळलेलं दार उन्हात वेगळं पडतं."

ते हसले. ही त्यांची नेहमीची गोष्ट. बंपर एका कारखान्यातून यायचा, दार दुसऱ्या. शॉपमधल्या ट्यूबखाली दोन्ही एक, गाडी बाहेर काढली की बंपर हिरवट. कारण रंगद्रव्यं वेगळी. दोन रंग एका उजेडात डोळ्याला सारखे दिसले तरी ते प्रकाश कुठल्या तरंगलांबीला किती परत फेकतात त्याचा आलेख निराळा असतो, आणि उजेड बदलला की ते उघड होतं. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडे हातात धरायचं यंत्र आलं होतं. पॅनेलवर ठेवून दाबलं की तो आलेखच निघायचा.

"स्पेक्ट्रोफोटोमीटर," ते म्हणाले. "मग असं सांग की. तुमच्या ताऱ्यांवर कोणीतरी ते यंत्र ठेवलंय."

ठेवलंय. गाया हे युरोपीय अवकाश संस्थेचं यान १९ डिसेंबर २०१३ ला सुटलं आणि जानेवारी २०२५ पर्यंत आकाश मोजत राहिलं. जून २०२२ मध्ये त्याच्या मोजमापांचा तिसरा संच खुला झाला, त्यात सुमारे २२ कोटी ज्योतींचे कमी विभेदनाचे वर्णपट आहेत, ३३० ते १०५० नॅनोमीटर. कोणीही वापरावेत. एसपीसीसी माझ्या फोटोतला एकेक तारा घेते, त्याचा गायाचा वर्णपट माझ्या सेन्सरच्या आणि फिल्टरच्या वक्रांनी गुणते, आणि 'या कॅमेऱ्यात हा तारा असा दिसायला हवा' हे प्रमाण काढते. मग प्रत्यक्ष मोजलेल्याशी ताडते. असं शेकडो ताऱ्यांवर. तिला कॅमेरा कुठला ते खरं सांगावं लागतं. यादीतून सेन्सर चुकीचा निवडला तर उत्तरही त्याच आत्मविश्वासानं चुकीचं येतं. मी मुद्दाम एकदा दुसरा सेन्सर निवडून बघितला. निकाल दिसायला वाईट नव्हता, ठिपके मात्र रेषेपासून वाकून गेले. म्हणून आता चित्राआधी आलेख बघते.

बाबांना वाटलं काक्षी आणि राजन्य यांच्यावरूनच जुळवणी होत असेल. तसं नाही. इतके तेजस्वी तारे गायालाही झेपत नाहीत आणि माझ्या फोटोत तर ते फुटलेले, म्हणजे सेन्सरची मर्यादा ओलांडलेले, आहेत. गुणक ठरतात ते आठव्या-नवव्या-दहाव्या प्रतीच्या, नाव नसलेल्या ताऱ्यांवरून.

आजचे गुणक: लाल १.०००, हिरवा ०.४९१, निळा ०.७५८.

२८ डिसेंबर, रविवार

पांढरं कशाला म्हणायचं, हे माझं मला निवडावं लागतं. एक पर्याय जी२व्ही, म्हणजे सूर्यासारखा तारा पांढरा धरायचा. दुसरा, सर्पिल दीर्घिकांचा सरासरी वर्णपट पांढरा धरायचा. मन पहिल्याकडे ओढ घेतं, आपले डोळे सूर्याच्याच उजेडात घडले. पण सर्पिल दीर्घिकेत जुने तांबूस आणि तरुण निळे असे सगळ्या तऱ्हेचे तारे असतात, म्हणून ती सरासरी कुठल्या एका ताऱ्याची बाजू घेत नाही. दोन्ही करून शेजारी ठेवले, फरक अगदी थोडा. दीर्घिकेचा ठेवला आणि नोंदवून ठेवला.

३ जानेवारी २०२६, शनिवार

पुन्हा पौर्णिमा. स्ट्रेच केला. आधी साधा हिस्टोग्राम ओढून, त्यात उजळ ताऱ्यांचे रंग धुऊन जातात. मग असिन्ह स्ट्रेच, जो तीन चॅनलचं आपसातलं प्रमाण राखतो. बाण, म्हणजे मधले तीन तारे, निळसर आले. त्यांच्याखालचे तलवारीतले तारे निळसर. सगळीकडे पिवळे, नारिंगी, पांढरे बारीक तारे, साखरेत केशर सांडावं तसे.

आणि काक्षी पांढरा! भोवतीचं वलय नारिंगी, पण मध्य कोराकरकरीत.

कॅलिब्रेशनचा दोष नाही. माझा सेन्सर १४ बिटांचा, आकडा १६३८३ च्या वर जात नाही. ६० सेकंदांत काक्षीनं तिन्ही चॅनल काठोकाठ भरले. लाल भरला, हिरवा भरला, निळाही भरला. तिन्ही भांडी ओसंडली की कशात जास्त होतं ते सांगायला काही उरत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर तो रंग परत आणू शकत नाही. छोटे एक्स्पोजर घ्यायला हवे होते.

१० जानेवारी, शनिवार. गच्ची

तेजस्वी ताऱ्यांना वेल्हे लागत नाही, गच्ची पुरते. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. १०:३० ते ११:१५, मृग मध्यान्हाजवळ. आयएसओ १००, सेकंदाचा आठवा भाग, १२० फोटो. एकाही फोटोत काक्षी १०००० च्या वर गेला नाही.

शेजारच्या सोसायटीनं पार्किंगला एलईडीचा फ्लडलाइट लावलाय, त्याचं तोंड अर्धं आकाशाकडे. पूर्वीचे सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या पट्ट्यात उजेड टाकायचे. पांढऱ्या एलईडीला ४५० च्या आसपास निळा उंचवटा असतो आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसारा, म्हणजे तो एखाद्या फिल्टरनं वेगळा काढता येत नाही. आठव्या सेकंदात त्याचा त्रास झाला नाही, पण गच्चीवरून तेजोमेघ आता विसरायचा. सेक्रेटरींना पत्र लिहिलंय: दिव्याचं तोंड खाली केलं तर गाड्यांवर उजेड वाढेल, तेवढ्याच विजेत.

या स्टॅकमध्ये कॅटलॉगशी ताडायला तारे फार थोडे. म्हणून वेल्ह्याचेच गुणक दिले; कॅमेरा तोच, लेन्स तीच, उंची जवळपास तीच. दोन्ही स्टॅकमध्ये न फुटलेले सात-आठ तारे ताडून बघितले, प्रमाणं जुळतात.

मग काक्षी आणि राजन्य मोजले. बी वजा व्ही मधला फरक १.८८ प्रती. म्हणजे प्रमाणित फिल्टरमध्ये निळ्याचं हिरव्याशी प्रमाण राजन्यात काक्षीच्या साडेपाच पट भरायला हवं. माझ्याकडे ३.२ पट आलं. कॅमेऱ्याचे निळे-हिरवे फिल्टर रुंद आणि एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे फरक दबतो. तरी ३.२ पट! एक सुमारे ३५०० केल्व्हिनचा तांबडा महाराक्षसी तारा, दुसरा १२००० केल्व्हिनचा निळा, आणि धायरीतल्या गच्चीवरून, जुन्या लेन्सनं तो फरक आकड्यात आला. हा आकडा लिहिताना झालेला आनंद फोटो बघताना झाला नव्हता.

११ जानेवारी, रविवार

हिरवा काढायचं बटण. सिरिलमध्ये ते आहे, आणि सवयीनं सगळे दाबतात: तारे हिरवे नसतात, म्हणून उरलेला हिरवा म्हणजे गोंगाट. ताऱ्यांपुरतं खरं आहे. मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्यात मात्र दुहेरी आयनीभूत ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला चमकतो, हिरव्या आणि निळ्याच्या सीमेवर. दुर्बिणीतून डोळ्यानं बघणाऱ्यांनाही तो गाभा हिरवट दिसतो. बटण दाबून बघितलं: गाभा करडा गुलाबी झाला. परत फिरवलं. गाभा झाकून फक्त बाहेरच्या पार्श्वभूमीवर हलक्या हातानं लावलं.

लालचंही तसंच. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा माझ्या कॅमेऱ्यातला कारखान्याचा फिल्टर बरीचशी अडवतो, म्हणून मोठ्या तेजोमेघांचा लाल फिका येतो. गुणक ताऱ्यांच्या अखंड वर्णपटांवरून ठरलेत. एका रेषेची तूट ते भरून देत नाहीत. वाढवावा असं वाटलं. वाढवला नाही. फोटोखाली कॅमेऱ्याची माहिती लिहीन.

२४ जानेवारी, शनिवार

प्रिंट, १२ बाय १८ इंच. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेत दिली. पहिली प्रिंट जांभळी आली. काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, मशीनवर ऑटो करेक्शन चालूच असतं. मशीनला फोटोत चेहरा, गवत किंवा भिंत अपेक्षित. काळ्यावर ठिपके दिल्यावर ते आपलं पांढरं आपण ठरवतं. त्याला बंद करायला सांगितलं, त्यानं पैसे न घेता परत काढून दिली.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी दहा वाजता बाबांनी प्रिंट उत्तरेच्या खिडकीशी नेली. तिथे थेट ऊन येत नाही, शेड बघायला ते नेहमी हीच खिडकी वापरतात. आधी सरळ धरली, मग तिरकी, मग डोक्यावर उलटी. खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, इथं किंचित हिरवं आहे. फाइलमध्ये मोजलं. त्या कोपऱ्यात हिरवा बाकी पार्श्वभूमीपेक्षा २ टक्के जास्त, उतार काढताना तिथे नमुन्याचा चौकोन ठेवायचा राहिला होता. दुपारी दुरुस्त केलं, पुढची प्रिंट त्यावरून.

रात्री आठला गच्चीवर गेलो. अर्धा चंद्र वर होता. काक्षी डोळ्यांनीही तांबूस दिसतो, राजन्य थंड पांढरा. ज्या ताऱ्यांवरून गुणक काढले ते कुठे आहेत, बाबांनी विचारलं. मी बाणाच्या खालची, तलवारीच्या बाजूची मोकळी जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं. मग टॉर्चच्या उजेडात प्रिंटवर तीच जागा दाखवली. बराच वेळ ते एकदा वर, एकदा प्रिंटकडे बघत होते.

खाली आल्यावर त्यांनी प्रिंट पालथी घातली, खिशातलं बॉलपेन काढलं आणि पॅनेलच्या मागे लिहायचे तसं लिहायला घेतलं: तारीख, जागा, कॅमेरा, उजेड उत्तर खिडकी सकाळी १०.

"पांढरं काय धरलंय?"

"सर्पिल दीर्घिकेची सरासरी."

ते लिहिलं. "आणि गुणक सांग."

"लाल एक. हिरवा शून्य पूर्णांक चार नऊ एक. निळा शून्य पूर्णांक सात पाच आठ."